ज्याची थैली, त्याचा चषक?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पेढीवर नव्या वह्यांची पूजा होते, जुन्या वह्या फडक्यात बांधून माळ्यावर जातात, आणि घरोघर फराळ करता करता वर्षाच्या जमाखर्चाच्या गोष्टी निघतात. हा मुहूर्त साधून मीही यंदा एक वही उघडणार आहे. वही आपल्याकडची नव्हे. अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांची आहे. पण म्हणून कोणी पान उलटण्याची घाई करू नये. खेळाचे नियम मी सांगत बसणार नाही. दांडू, चेंडू आणि धाव एवढे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचे सारे समजेल. आणि महिन्याचा खर्च भागविणाऱ्या गृहिणीला तर माझ्याहून अधिक समजेल.

व्यावसायिक बेसबॉलच्या तिकडच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत तीस संघ आहेत. प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. मग निवडक संघांच्या बाद फेऱ्या होतात आणि शेवटी ‘वर्ल्ड सीरीज’ नावाची मालिका होते. तीस संघांपैकी एकोणतीस अमेरिकेतले आणि एक कॅनडातला, तरी नाव मात्र जगाचे! २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे ही मालिका लॉस अँजेलिसच्या डॉजर्स संघाने जिंकली. असे पाठोपाठचे विजेतेपद न्यू यॉर्कच्या यँकीज संघाने २००० साली मिळविले होते, त्यानंतर कोणालाही साधले नव्हते.

आता ह्या डॉजर्सची वही पाहा. २०२५ साली त्यांचे पगारपत्रक मायामीच्या मार्लिन्स संघाच्या सुमारे पाचपट होते. शोहेई ओहतानी ह्या जपानी खेळाडूशी त्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये दहा वर्षांचा करार केला, तो सत्तर कोटी डॉलरचा. त्यातले अडुसष्ट कोटी त्याला २०३४ ते २०४३ ह्या काळात मिळायचे, आणि तेही बिनव्याजी. आपण वाण्याची उधारी महिनाअखेर चुकती करतो. ह्या मंडळींची उधारी दहा वर्षांनी चुकती व्हायला लागणार!

साहजिकच ओरड झाली, की पैशाने चषक विकत घेतला, आता लहान गावांनी खेळायचे तरी कशाला? ह्या ओरडीला तिकडे एक भारदस्त नाव आहे : ‘स्पर्धेचा समतोल’. शब्द असा गोड आहे की ऐकताक्षणी मान डोलावी. मी मात्र ह्या शब्दाचा जुना हिशेब थोडा चाळला आहे, आणि मला विचाराल तर समतोलाचे नाव कोणी काढले की त्याला आधी एवढेच विचारावे : समतोल कोणाच्या खिशातून?

समतोल लागतोच, हे मी नाकारीत नाही. खेळाचा धंदा इतर धंद्यांसारखा नाही. शेजारच्या वाण्याचे दुकान बुडाले तर आपला वाणी मनातल्या मनात पेढे वाटतो. पण समोरचा संघ बुडाला तर आपल्या संघाने खेळायचे कोणाशी? वॉल्टर नील नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली हा मुद्दा मांडला आणि त्यासाठी मुष्टियोद्धा जो लुईचे उदाहरण दिले. लुईची कमाई त्याच्या एकट्याच्या ठोशावर नव्हती. समोर मॅक्स श्मेलिंगसारखा तोडीस तोड गडी असला तरच लोक तिकिटे काढणार. मैदानाच्या फाटकावर जो माल विकला जातो तो म्हणजे ‘आज कोण जिंकेल?’ ही शंका. ती संपली की दुकान बंद.

परंतु ह्या खऱ्या गोष्टीच्या आडून मालकांनी काय काय केले ते ऐका. १८७९ पासून त्यांनी एक प्रथा पाडली. खेळाडूचा करार संपला तरी त्याच्यावरचा हक्क मालकाकडे राखीव. आपल्याकडचा सालदार निदान पाडव्याला दुसरा वाडा धरू शकतो. ह्या गड्याला ती सोय नव्हती. मालकाने ठेवले तर राहायचे, विकले तर जायचे, नाहीतर खेळणे सोडायचे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ साली बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या बाहेर ठेवले, तेव्हा दावे अधिकच पक्के झाले. आणि समर्थन काय? तर खेळाडू मोकळे सोडले तर श्रीमंत शहरे सगळे हिरे उचलून नेतील, लहान गावे ओस पडतील. म्हणजे बांधून घालायचे ते समतोलासाठी!

ठीक. मग त्या बांधाबांधीच्या काळात समतोल होता का? १९४९ ते १९६४ ही सोळा वर्षे घ्या. त्यांतल्या चौदा वर्षी यँकीज अंतिम मालिकेत होते आणि नऊ वेळा जिंकले. सलग पंधरा वर्षे, १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत, रणजी करंडक मुंबईत राहिला त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण त्या काळात इतर प्रांतांतल्या क्रिकेटवेड्यांना काय वाटत असेल ह्याचा अंदाज करा, म्हणजे यँकीजखेरीज बाकीच्या अमेरिकेची मनःस्थिती कळेल.

असे का व्हावे? सायमन रॉटनबर्ग ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ सालीच उत्तर देऊन ठेवले होते. खेळाडू बांधलेला असो की मोकळा, शेवटी तो तिथेच पोचतो जिथे त्याच्या खेळाला जास्त पैसा मिळतो. मोकळा असला तर तो स्वतः जातो आणि वाढीव पगार त्याच्या घरी येतो. बांधलेला असला तर मालक त्याला विकतो आणि किंमत मालकाच्या तिजोरीत पडते. बॉस्टनच्या मालकाने बेब रूथला न्यू यॉर्कला विकले ते एक लाख डॉलरला; व्यवहार ठरला १९१९ च्या नाताळात. बॉस्टनने १९१८ साली चषक जिंकला होता, त्यानंतरचा मिळायला २००४ साल उजाडले. रूथ बांधलेलाच होता, पण त्या दाव्याने बॉस्टनचे काय भले झाले?

ह्या दाव्याविरुद्ध उभा राहिला तो कर्ट फ्लड. सेंट लुईच्या कार्डिनल्स संघात बारा हंगाम खेळलेला हा कृष्णवर्णीय खेळाडू. १९६९ साली त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. पगार चांगला होता, वर्षाला नव्वद हजार डॉलर. चार लोक म्हणाले, एवढे मिळते आहे, गप्प बस. त्याने डिसेंबर महिन्यात खेळाचे आयुक्त बोवी कून ह्यांना पत्र लिहून कळविले, की मी खरेदी-विक्रीची वस्तू नाही. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७२ साली तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. तोवर त्याची कारकीर्द संपली होती. पण वाट पडली होती. डिसेंबर १९७५ मध्ये पीटर साइत्झ ह्या लवादाने दोन खेळाडूंच्या बाजूने निकाल देऊन तो जुना दावा तोडला. मालकांनी तातडीने काय केले? लवादाला घरी बसविले!

आता लहान गावे ओस पडायला हवी होती. घडले उलटेच. १९७८ ते १९८७ ह्या दहा वर्षांत दहा निरनिराळ्या संघांनी चषक जिंकला. पिट्सबर्ग, बाल्टिमोर, कॅन्सस सिटी, मिनेसोटा अशी मंडळी त्यांत होती. ह्याचे सगळे श्रेय खेळाडूंच्या मोकळिकीला देणे बरोबर नाही. १९६५ पासून नव्या पोरांच्या निवडीत तळाच्या संघाला आधी हात घालण्याचा नियम आला होता, त्याचाही वाटा होता. पण मोकळिकीने समतोल बुडतो, ही भीती खोटी ठरली एवढे नक्की.

म्हणजे पैशाचे काही चालत नाही काय? चालते, आणि पुष्कळ चालते. डॉजर्सचा स्थानिक दूरचित्रवाणीशी २०१३ साली झालेला करार पंचवीस वर्षांचा आणि सुमारे आठशे पस्तीस कोटी डॉलरचा. मिल्वॉकीसारख्या गावाला असा करार कोण देणार? माझी एक भाची तिकडे एका लहानशा शहरात असते. गावाचे नाव मुद्दामच सांगत नाही. तिच्या मुलाला बेसबॉलचे भलते वेड. एकदा फोनवर ती म्हणाली, “मामा, आता ह्याला खेळाडूचं नाव छापलेला शर्ट घ्यायचाच नाही असं ठरवलंय. शर्ट आखूड व्हायच्या आत खेळाडू दुसऱ्या गावी गेलेला असतो. मग हा मला विचारतो, आई, आपण चांगले खेळाडू तयार करतो ते दुसऱ्यांसाठीच का?” सहा वर्षांच्या सेवेनंतर खेळाडू मोकळा होतो, तो फुकट जाऊ नये म्हणून लहान संघ त्याला आधीच दुसऱ्याला देऊन टाकतात. व्यवहार म्हणून ते समजते. पण त्या पोराला काय सांगावे?

काटकसरीने आणि अकलेने झुंजणारे संघही आहेत. ओकलंडच्या अ‍ॅथलेटिक्स संघाचा कारभारी बिली बीन ह्याची गोष्ट पुस्तकात आणि पडद्यावर येऊन गेली. २००२ साली त्याचे पगारपत्रक सुमारे चार कोटी डॉलरचे, यँकीजचे साडेबारा कोटींच्या आसपास. आणि दोघांचेही विजय १०३! इतरांनी दुर्लक्षिलेला माल बीनने स्वस्तात उचलला. वाईट चेंडू सोडून देऊन निमूटपणे पहिला तळ गाठणारे खेळाडू दिसायला रुबाबदार नसतात, पण धावा त्यांच्यामुळेच होतात. भाजी मंडईत संध्याकाळी जाणाऱ्या बायकांना ही विद्या नवी नाही. मात्र पुढे ती विद्याही श्रीमंतांनी विकत घेतली. टँपा बे ह्या काटकसरी संघाचा कारभारी अँड्र्यू फ्रीडमन ह्याला २०१४ साली डॉजर्सनीच आपल्याकडे आणले.

त्या २००२ सालची पुढची गोष्ट अशी, की बाद फेरीत ओकलंड आणि यँकीज दोघेही पहिल्याच मालिकेत गारद झाले. ह्या खेळात उत्तम संघही दहांतले सहाच सामने जिंकतो. १६२ सामन्यांत गुण दिसून येतो. पाच-सात सामन्यांच्या मालिकेत दैवही डाव खेळते. म्हणूनच २००१ ते २०२५ ह्या पंचवीस वर्षांत सोळा निरनिराळे विजेते झाले. न्यू यॉर्कच्या मेट्स संघाने हुआन सोतो ह्याला डिसेंबर २०२४ मध्ये साडेशहात्तर कोटी डॉलरचा करार दिला, आणि २०२५ साली तो संघ बाद फेरीतही पोचला नाही. उलट त्याच वर्षी साखळीत सर्वांत जास्त, म्हणजे ९७ सामने जिंकले ते मिल्वॉकीने. पण पुढे डॉजर्सनी त्यांचा चार-शून्य फडशा पाडला. पैशाने चषक मिळतोच असे नाही. पैशाने दर वर्षी मांडवात पाट मिळतो; आणि जो दर वर्षी पंगतीला बसतो त्याच्या पानात कधीतरी जिलबी पडतेच.

ह्यावर उपाय काय योजले? एक म्हणजे ऐषारामी कर. २०२५ साली चोवीस कोटी दहा लाख डॉलरच्या वर पगारपत्रक गेले की कर लागे, आणि वारंवार फार वर जाणाऱ्याला वरच्या शंभर डॉलरवर एकशेदहापर्यंत भरावे लागत. डॉजर्सनी २०२४ साली असा दहा कोटी तीस लाखांचा कर भरला, आणि पुन्हा जिंकले. दुसरा उपाय म्हणजे वाटणी. प्रत्येक संघाच्या स्थानिक उत्पन्नातला ४८ टक्के भाग एकत्र करून सर्वांना सारखा वाटायचा. योजना न्यायाची आहे. पण ती रक्कम घेणाऱ्याने खेळाडूंवर किती खर्च केलाच पाहिजे, ह्याची किमान मर्यादा त्या करारात नाही. भाऊबीजेची ओवाळणी पोस्टात टाकून बहिणीने भावाला रिकामे ताट दाखवावे, तसे काही मालक करतात असा खेळाडूंचा आरोप आहे.

आणि मालकांचा आवडता उपाय कोणता? पगारांवर कमाल मर्यादा! १९९४ साली त्यांनी ती लहान गावांच्या नावाने मागितली. खेळाडूंनी १२ ऑगस्टला संप पुकारला. हंगाम तिथेच मोडला आणि १९०४ नंतर प्रथमच अंतिम मालिका झाली नाही. त्या दिवशी सर्वांत वरचा संघ कोणता होता ठाऊक आहे? मॉन्ट्रियलचा एक्सपोज. ७४ विजय, ४० पराभव, आणि पगारपत्रक अगदी लहान. ज्या गरिबांसाठी भांडण मांडले, त्यांतल्याच एकाच्या तोंडचा घास गेला. संप मिटल्यावर खर्च परवडेना म्हणून त्या संघाचे चांगले खेळाडू गेले, आणि २००४ च्या हंगामानंतर संघच वॉशिंग्टनला हलला. मॉन्ट्रियलला तो दिवस पुन्हा पाहायला मिळाला नाही.

मार्च २०२२ मध्ये, ९९ दिवसांच्या टाळेबंदीनंतर झालेल्या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ पर्यंतची. अशा प्रत्येक मुदतीला समतोलाचे तेच नाव घेतले जाते. माझे म्हणणे सरळ आहे. वर छत घालायचे असेल तर खाली जोतेही बांधा. अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉल ह्या खेळांत कमालीबरोबर किमान मर्यादाही आहेच. श्रीमंताने वाटा द्यावा आणि गरिबाने तो मैदानावर खर्च केल्याचा हिशेब दाखवावा. नुसते छत घातले तर उरलेला पैसा लहान गावाला जात नाही. तो मालकाकडे राहतो, आणि भाचीच्या मुलाचा आवडता खेळाडू तरीही निघूनच जातो.

त्या मुलाला दर वर्षी चषक नको आहे. हंगामाच्या सुरुवातीला ‘यंदा आपलेही जमेल’ असे म्हणण्याइतकी जागा हवी आहे. ती जागा राखण्यासाठी कोणा कर्ट फ्लडला दाव्याला बांधावे लागत नाही. मालकांनी एकमेकांशी नीट हिशेब करावा लागतो. तो हिशेब ते कधी करतील ते त्यांनाच ठाऊक. तोवर भाचीला मी एवढेच सांगितले आहे, की शर्ट अवश्य घे, पण पाठीवर नाव मुलाचेच छापून घे.