कप हातातून का उडाला?

दहावीतल्या मुलीच्या हातून सकाळी चहाचा कप उडतो. कधी कंगवा, कधी दात घासताना ब्रश. घरचे म्हणतात, धांदरट आहे. मला हे मान्य नाही. हे झटके झोपेतून उठल्यावर पहिल्या तासाभरातच येतात का, जागरणानंतर वाढतात का, हे कुणी विचारलं? उत्तर ‘हो’ असेल, तर ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सीचा संशय घ्यायलाच हवा. हा अपस्मार बहुधा १२ ते १८ या वयात डोकं वर काढतो. झटक्यात शुद्ध जात नाही, म्हणून मुलगी बोलत नाही. मग परीक्षेच्या जागरणानंतर मोठी फिट येते आणि घर म्हणतं, ‘अभ्यासाचा ताण!’ जागरणाने फिटला निमित्त मिळालं, हे खरं. पण प्रवृत्ती आधीपासूनच होती, बऱ्याचदा आनुवंशिक.

दुसरा युक्तिवाद नेहमीचा: ‘ईईजी नॉर्मल आला, म्हणजे काही नाही.’ ईईजी ही मेंदूतल्या विद्युतलहरींची अर्ध्या तासाची नोंद. अपस्माराच्या जवळपास निम्म्या रुग्णांत पहिला ईईजी नॉर्मल असू शकतो. उलट, शाळेत प्रार्थनेला उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन, घाम फुटून पडलेली मुलगी दोन-चार आचके देऊन लगेच सावरते. ती बहुधा साधी भोवळ असते. तिच्यावर नुसत्या ईईजीतल्या एखाद्या रेषेवरून अपस्माराचा शिक्का मारणंही अन्यायच. निदान ठरतं ते पाहणाऱ्याच्या तपशिलावर. तपासण्या त्याला आधार देतात.

मेंदूचा स्कॅन सुचवला, की ‘आम्ही शाकाहारी, आमच्या मेंदूत जंत कुठून?’ असंही छातीठोकपणे सांगतात. पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात आणि नीट न धुतलेल्या भाजीवरून कुणाच्याही पोटात जातात. मेंदूत पोचलेले हे जंत भारतात फिटचं मोठं कारण आहेत. म्हणूनच स्कॅन टाळू नये.

निदानाचा हा आग्रह एवढ्यासाठी, की फिटची सगळी औषधं सारखी नसतात. कार्बामाझेपिन काही प्रकारांत गुणकारी, पण सकाळचे हे झटके त्याने वाढू शकतात. व्हॅल्प्रोएट झटक्यांवर चालतं, मात्र मुलीला देताना पुढच्या गर्भारपणातल्या धोक्याची चर्चा आधीच व्हायला हवी.

फिट आली की अजूनही कुणी कांदा शोधतं, कुणी चप्पल. त्याऐवजी एकाने तिला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, आणि दुसऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. डॉक्टरांना तोच हवा असतो.