हात तरुणांचे चालतात, मग डोकं का नको? गडसंवर्धनातला हरवलेला दुवा

रविवारी पहाटे पुण्या-मुंबईहून गडाकडे निघणाऱ्या अनेक तरुणांकडे हल्ली घमेली आणि फावडीही असतात. टाक्यातला गाळ काढायचा, प्लास्टिक गोळा करायचं आणि संध्याकाळी परतायचं. सोमवारी याच गटातलं कुणी कोडिंग करतं, कुणी पुलांचे आराखडे काढतं. रविवारची मेहनत गडाला मिळते, सोमवारचं कौशल्य मात्र बहुतेकदा मिळत नाही. खरी अडचण इथेच आहे.

आत्ताच हा मुद्दा का?

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यातले ११ महाराष्ट्रातले, तर जिंजी तमिळनाडूतला. आनंद साजरा झाला. पण या मानासोबत किल्ल्यांच्या स्थितीची नियमित नोंद ठेवण्याची जबाबदारीही येते. हे काम एका रविवारचं नाही.

उत्साहाने नुकसान कसं होतं?

गडांची अनेक बांधकामं चुन्यातली आहेत. जागोजागी दिसणारे चुन्याचे घाणे ही त्याचीच खूण. चुना भिंतीतला ओलावा बाहेर पडू देतो. त्याच दरजांमध्ये सिमेंट भरलं की ओल आत अडकते, क्षार साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. गाळाचंही तसंच. त्यात खापरं, नाणी असू शकतात. नोंद न करता गाळ उपसला, तर तो पुरावा कायमचा जातो. शिवाय संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय खोदकाम किंवा दुरुस्ती करणं बेकायदा आहे. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा त्यासाठीच आहे.

तरुण काय करू शकतात?

पावसाळ्यापूर्वी आणि नंतर एकाच जागेवरून बुरुजाचे फोटो काढले, तरी भेग किती वाढली हे कळतं. परवानगी घेऊन ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रांतून तटबंदीचं त्रिमितीय मॉडेल तयार होतं. स्थापत्य अभियंता पाण्याचा निचरा तपासू शकतो, चुन्याच्या मिश्रणाची चाचणी घेऊ शकतो. वनस्पतिशास्त्र शिकलेली मुलगी सांगू शकते, कोणतं झुडूप मुळासकट काढलं तर भिंतच सुटेल.

मग सरकारने काय करावं?

फुकटच्या श्रमदानावर वारसा टिकत नाही. पुरातत्त्वज्ञांच्या हाताखाली एक-दोन वर्षांची मानधनावरची कामं, चुनाकामाचं प्रशिक्षण आणि प्रत्येक किल्ल्याच्या व्यवस्थापन आराखड्यात तरुण व्यावसायिकांना जागा, एवढं तरी हवंच. अंतिम निर्णय तज्ज्ञांचाच असावा. पण तो ज्या नोंदींवर घ्यायचा, त्या ठेवण्याची जबाबदारी तरुणांकडे द्यायला हरकत काय?

तरुणांनीही गट स्थापन करताना टी-शर्ट छापण्याआधी एक नोंदवही उघडावी. बुरुज ढासळल्यावर व्हायरल होणाऱ्या व्हिडिओपेक्षा, ढासळण्याच्या दोन वर्षं आधी मोजलेली भेग गडाच्या जास्त उपयोगाची असते.