दिसणारी मराठी, न ऐकू येणारी मराठी

महालातील एखाद्या टंकलेखन केंद्रात जुन्या फाँटमध्ये तयार झालेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन चिन्हांची रास असते. एनव्हीडीएसारखी पडदावाचक प्रणाली तीच चिन्हे उच्चारते आणि अंध विद्यार्थ्याच्या कानी निरर्थक ध्वनी पडतात. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. डिजिटल सुलभता हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्वाळा २०२५ चा. टंकलेखन यंत्राच्या सवयीच्या कळफलकावरही युनिकोड लिहिता येते; मग अडचण उरते ती अनास्थेची. आळस एकाचा, भुर्दंड दुसऱ्याला, हा व्यवहार शासनाने प्रथम आपल्याच कार्यालयांत थांबवावयास हवा.