गाणारी घालवली, गाणं राहिलं

२ डिसेंबर २०२१, बर्लिन. सोळा वर्षं जर्मनीचा कारभार पाहून अँगेला मर्केल निरोप घेत होत्या. तिथल्या प्रथेप्रमाणं लष्करी बँडनं त्यांच्या पसंतीची गाणी वाजवली. त्यात एक होतं नीना हागेनचं, १९७४ सालचं. सुट्टीला जाताना प्रियकर रंगीत फिल्म विसरला म्हणून त्याला झापणारी पोरगी, एवढंच गाणं. पण पूर्व जर्मनीत टंचाई रोजचीच. त्यामुळं चिमटा कुणाला, ते लोकांना बरोबर कळायचं. मर्केलही तिथंच वाढलेल्या.

या नीनाचं पुढं काय झालं बघा. कवी-गायक वोल्फ बियरमान तिला वडिलांच्या जागी. १९७६ च्या नोव्हेंबरात ते पश्चिम जर्मनीतल्या कोलोनला गायला गेले आणि इकडं सरकारनं त्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं. नीना त्यांच्या बाजूनं उभी राहिली. मग तिनंही देश सोडला.

लंडनमध्ये तिनं पंक जवळून पाहिलं. पश्चिम बर्लिनमध्ये वादक जमवले आणि १९७८ मध्ये 'नीना हागेन बँड' हा अल्बम आला. ऐकाच एकदा. आत्ता ऑपेराची तान, पुढच्या क्षणी गुरगुरणं, मध्येच नाटकातल्यासारखं कुजबुजणं. एका गाण्यात ती बाईवर लादलेलं आईपण धुडकावते, दुसऱ्यात टीव्हीपुढं खिळलेल्या माणसाची दशा मांडते. जर्मन पंक म्हटलं की आजही हा अल्बम आठवतो.

यावर काहीजण म्हणतील, "बघा, हाकललं म्हणूनच मोठी झाली ना!" हे मला अजिबात पटत नाही. तिच्या अंगात कला आधीपासून होती, सरकारनं दिलेली नव्हती. सरकारनं एवढंच केलं, की ज्यांच्या टंचाईवर ती गायली त्या लोकांसमोरून तिला दूर केलं. तोटा त्यांचा झाला.

आपल्याकडंही कवी, नट, गायक काही खटकणारं बोलला की "पटत नसेल तर चालते व्हा" म्हणणारे लगेच जमतात. त्यांना एवढंच सांगायचंय : पूर्व जर्मनी नावाचा देश १९९० मध्ये नकाशावरून पुसला गेला. आणि त्यानंतर एकतीस वर्षांनी त्या पोरीचं गाणं लष्कराच्या बँडनं वाजवलं, तेही सरकारी समारंभात.

टीका करणाऱ्याला घालवून देशाची फिल्म रंगीत होत नसते, मंडळी.