बैल आमचा, सुई कोणाची?



कपाशीच्या भावावर आपण नेहमीच बोलतो. आज बैलाच्या डाव्या भकाळीवर बोलायचे आहे. विषय किरकोळ वाटेल. पण कोळपणीच्या ऐन आठवड्यात ज्याचा बैल दावणीला मेला, त्याला तो किरकोळ वाटणार नाही.

समजा, उमरी तालुक्यातल्या एखाद्या गावात रात्री दहा वाजता बैलाचे पोट फुगले. मालक फोन करतो. मोटारसायकलवर जो माणूस येतो त्याला सारा गाव 'डॉक्टर' म्हणतो. कायद्याच्या लेखी तो डॉक्टर असेलच असे नाही. तो सरकारी पशुधन पर्यवेक्षक असेल. पदविका घेऊन खाजगी काम करणारा असेल. कृत्रिम रेतनाचे काही महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेला पोरगा असेल. किंवा कोणा डॉक्टरची पेटी चार वर्षे उचलून सुई धरायला शिकलेला असेल. चौघांची पेटी सारखीच, सुईही सारखीच. यातला कोण कशापुरता शिकला आहे हे विचारायची आपल्याला सवय नाही, आणि सांगायची सरकारला गरज वाटत नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 चा. त्याच्या कलम 30 प्रमाणे जनावरावर उपचार करण्याचा हक्क नोंदणी झालेल्या पदवीधर पशुवैद्यकालाच आहे. पदवी म्हणजे साडेपाच वर्षांचे शिक्षण, त्यात प्रत्यक्ष कामाचे एक वर्ष. त्याच कलमात एक पळवाट ठेवली आहे. राज्य सरकारने आदेश काढला तर पदविका किंवा प्रमाणपत्रधारकाला 'किरकोळ पशुवैद्यकीय सेवा' देता येतील: लस टोचणे, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी, प्रथमोपचार. तेही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि त्याच्या सांगण्यावरून. महाराष्ट्र सरकारने 2009 साली अशी अधिसूचना काढली आणि कामांची यादी लावून दिली.

कागदावर सगळे नीट आहे. आता गावात या. याच सरकारने वर्षानुवर्षे श्रेणी-2 चे दवाखाने चालवले ते पदविकाधारकाच्याच भरवशावर. देखरेख करणारा पदवीधर तालुक्याला, त्याच्याकडे दोन-तीन ठिकाणचा अतिरिक्त कार्यभार, आणि बैल गावात. ही देखरेख महिनाअखेरच्या अहवालावर सही करण्यापुरती. दर पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्यक असावा, असे राष्ट्रीय कृषी आयोगाने 1976 साली सांगून ठेवले होते. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाई-बैल सुमारे 1 कोटी 39 लाख आणि म्हशी सुमारे 56 लाख भरल्या. हिशेब तुम्हीच करा. अंगठ्याने झाला नाही तर पोराला करायला लावा.

मग देखरेख होणार कशी? फोनवर. दुसरा मार्ग आज तरी नाही. 1962 हा फुकट नंबर आहे, फिरते दवाखाने आहेत, डॉक्टरांचे मोबाइल आहेत. पण फोनवरची देखरेख शब्दांवर चालते. समोरच्या माणसाने "पोट गच्च झालंय" एवढेच सांगितले, तर पन्नास किलोमीटरवरचा डॉक्टर कपाळ बडवील, नाही तर काहीतरी ठोकून देईल.

म्हणून अवयवांची नावे महत्त्वाची. गुराला पोटाचे चार कप्पे. पहिला आणि सर्वांत मोठा कोटीपोट, तो डावीकडे. पोटफुगीत वायू कोंडतो तो इथे. शेवटची बरगडी, कमरेचे हाड आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये जो खळगा दिसतो ती भकाळी. डावी भकाळी ढोलासारखी वाजते, जनावर श्वासाला तडफडते, तेव्हा शेवटचा उपाय म्हणून तिथेच सुई घालून वायू सोडतात. तीच सुई उजवीकडे घातली तर आतडे फुटते. दुसरा कप्पा जाळीपोट. बैलाने गिळलेली तार किंवा खिळा तिथे अडकतो. त्याच्या पुढे फक्त एक पडदा, आणि पडद्यापलीकडे हृदय. बैल चरत नाही, उतारावर चालायला कण्हतो, कोपरे बाहेर काढून उभा राहतो, आणि आपला 'डॉक्टर' भूक लागायची पावडर देत बसतो.

सुईची जागाही तशीच. मानेच्या मांसात टोचले तर सहसा बिघडत नाही. पुठ्ठ्यात वाटेल तिथे टोचले आणि खालून जाणाऱ्या मोठ्या नसेला लागले, तर बैल पाय ओढत राहतो. लम्पीच्या साथीत, 2022 साली, जी शेळ्यांच्या देवीची लस दिली गेली ती कातडीखाली द्यायची होती, मांसात नव्हे. व्यालेल्या गाईला कॅल्शियम मानेच्या शिरेतून घाईने सोडले तर गाय जागीच आडवी होते, कारण हृदय थांबते. रेतनात नळी गर्भाशयाच्या मुखाच्या जरा आत थांबवायची असते. ती पुढे गर्भाशयाच्या शिंगात ढोसली तर आत जखम होते, मग गाय उलटत राहते आणि दोष देवणीला लागतो.

आणि ज्वारी! पावसाने ताण दिला, ज्वारी खुरटली, किंवा कापणीनंतर बुडख्याला कोवळे फुटवे आले, की त्यात विष धरते. वाळलेल्या कडब्यात ते फारसे उरत नाही. अशा रानात जनावर सुटले तर हातात मिनिटे असतात. उतारा आहे, पण तो शिरेतून द्यायचा आणि माप चुकवायचे नाही. हे काम 'किरकोळ' नव्हे. मग जवळ असलेल्या माणसाने डॉक्टरची वाट बघत हात बांधून उभे राहायचे, की कायदा मोडायचा? सरकार याचे उत्तर देत नाही. जनावर वाचले तर त्याचे कौतुक, मेले तर त्याच्यावर गुन्हा.

मी शेतकी पदवीधर, पिकांचा माणूस. जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण मावा आणि तुडतुडे ओळखता येत नाहीत त्याच्या हाती फवारणीचा पंप देऊ नये, एवढे मला कळते.

या प्रश्नावर दोन संघटना भांडत आल्या. पदवीधर म्हणतात, पदविकावाल्यांना मोकळे सोडले तर जनावरांचे वाटोळे होईल. खोटे नाही. पोट फाडण्याचे आणि औषध ठरवण्याचे काम शिकलेल्यानेच करावे. पण हे म्हणणाऱ्यांनी रात्री गावात यावे ना! पदविकावाले म्हणतात, काम आम्ही करतो, हक्क त्यांना. हेही खोटे नाही. मात्र दोघांच्या निवेदनांत पदनाम, वेतनश्रेणी आणि अधिकार सापडतात. बैल सापडत नाही.

माणसांच्या दवाखान्यात पाहा. परिचारिकेच्या नोंदणीची सोय 1947 च्या कायद्यापासून आहे, औषधे देणाऱ्या पदविकाधारकाच्या नोंदणीची 1948 च्या. 2021 साली प्रयोगशाळा तंत्रज्ञ वगैरे सहायकांसाठीही केंद्राने कायदा केला. जनावरांच्या सहायकाला मात्र 1984 च्या नोंदवहीत जागा नाही. पदविकांची नावे आणि मुदती बदलत गेल्या, नोंदवही आली नाही. अमेरिकेत जनावरांच्या डॉक्टरचा तंत्रज्ञ साधारण दोन वर्षे शिकतो, देशपातळीवरची परीक्षा देतो, बहुतेक राज्यांत त्याची नोंदणी किंवा परवाना असतो, आणि तो टिकवायला पुन्हा पुन्हा शिकावे लागते. रोगनिदान आणि शस्त्रक्रिया त्याला मना आहे. तिथे हद्द स्पष्ट आहे, म्हणून त्याला प्रतिष्ठाही आहे.

आपल्या मुलखाला शब्दांची वाण नाही. माळेगावच्या यात्रेत बैल घेताना आपण वशिंड, पोळी, खूर, दात सारे पाहतो. देवणीतला वानेरा कोणता, बालंक्या कोणता, शेवरा कोणता, हे आपली शाळकरी पोरे सांगतात. लाल कंधारी तर आपल्याच जिल्ह्याची. आपण बाहेरून इतके ओळखतो, तर आतले चार कप्पे ओळखायला काय हरकत? पदविकेच्या पुस्तकातला इंग्रजी शब्द आणि दावणीवरचा मराठी शब्द एका तक्त्यावर शेजारी-शेजारी छापायला किती पैसे लागतात? परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथल्या गुरुजींना हे आठवड्याचे काम.

उमरीच्या बैठकीत पंचायत समितीपुढे मागणी ठेवायची आहे ती अशी. प्रत्येक दवाखान्याच्या दारावर मराठीत पाटी लागावी: आत बसणाऱ्याचे नाव, शिक्षण, तो काय करू शकतो, काय करू शकत नाही, आणि त्याच्यावर देखरेख करणाऱ्या पशुवैद्यकाचे नाव, नोंदणी क्रमांक व फोन. खाजगी काम करणाऱ्याने तेच कार्ड खिशात ठेवावे. पदविकाधारकांची राज्याची नोंदवही व्हावी, दर काही वर्षांनी उजळणी सक्तीची व्हावी, आणि हुशार पदविकाधारकाला पदवीची वाट मोकळी असावी. देखरेखीचा फोन रात्री उचलला गेला नाही तर त्याची नोंद व्हावी.

श्रेणी वाढवली म्हणून समाधान मानू नका. पाटी रंगवायला एक दिवस लागतो. पदवीधर माणूस गावात मुक्कामी आला का, ते विचारा.

बैठकीला येताना आपापल्या गावच्या दवाखान्याच्या दारावर आज काय लिहिले आहे ते वहीत उतरवून आणा. काहीच लिहिलेले नसेल तर तसे लिहा, आणि गेल्या वर्षात कोणाचे जनावर कोणाच्या हातून, कोणत्या दुखण्याने गेले तेही लिहा.