गुडघ्यातील भूमिती

कोन मोजून पुढे उपयोग काय, असे भूमितीच्या तासाला मुले हटकून विचारतात. या प्रश्नाचे एक उत्तर माणसाच्या गुडघ्यात आहे.

नडगीच्या हाडाच्या ज्या माथ्यावर मांडीचे हाड टेकते, तो माथा अगदी सपाट नसतो. पाणी वाहून जावे म्हणून अंगणाला उतार देतात, तसा तो मागील बाजूस किंचित उतरता असतो. गुडघ्याचे बाजूने क्ष-किरण चित्र घ्यावे, नडगीच्या मधोमध रेषा काढून तिला लंब टाकावा आणि त्या लंबाशी माथ्याच्या रेषेने केलेला कोन मोजावा, म्हणजे हा उतार कळतो. बहुधा तो पाच ते दहा अंशांच्या आसपास भरतो. फार अधिक असला, तर पायावर भार पडताच नडगी पुढे सरकू पाहते आणि सांध्यातील पुढच्या अस्थिबंधावर ताण येतो. कृत्रिम सांधा बसविताना हाड किती उतरते कापावे, हे ठरवितानाही हे माप लागते.

तेच चित्र समोरून घेतले, की मांडी व नडगी यांच्यामधील दुसरा कोन दिसतो. या कोनाची एक कहाणी आमच्या तारनाक्याशी निगडित आहे. येथील राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. कृष्णमाचारी व डॉ. कमला कृष्णस्वामी यांनी १९७३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. फ्लोराइडयुक्त पाण्याच्या प्रदेशातील तरुणांचे गुडघे आत वळून एकमेकांस लागत आणि त्यांच्या हातापायांची हाडे विरळ झालेली आढळत, हा त्याचा विषय. नलगोंडा जिल्ह्यातील फ्लोराइडबाधेची नोंद १९५५ सालीच झाली होती. परंतु तेव्हा लक्ष होते ते प्रौढांच्या ताठरलेल्या कण्याकडे. आता वाढत्या वयातील पायही वाकू लागले होते. क्ष-किरणांच्या काचेवर मोजलेल्या कोनाचे मूळ अखेर गावच्या विहिरीत सापडले!

तीन-चार वर्षांच्या मुलाचे गुडघे थोडे आत वळलेले दिसले, तर पालकांनी घाबरू नये. सात-आठ वर्षांपर्यंत ते बहुधा आपोआप सरळ होतात. त्यानंतरही व्यंग राहिले, वाढू लागले किंवा एकाच पायात दिसले, तर मात्र वैद्यकीय सल्ला घ्यावा. दातांवर खडूसारखे पांढरे वा तपकिरी डाग असतील, तर पिण्याचे पाणीही तपासून घ्यावे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांत ज्यांचे आप्तस्वकीय कूपनलिकेचे पाणी पितात, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेले पाणी पिण्यास योग्य नव्हे. ते उकळूनही शुद्ध होत नाही. उलट आटल्यामुळे फ्लोराइडचे प्रमाण वाढते. तुरटी व चुना घालून ते काढण्याची रीत नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने बसविली आणि तिला नाव मिळाले ‘नलगोंडा पद्धत’. पुढे २०१६ साली सुरू झालेल्या मिशन भगीरथ योजनेतून त्या जिल्ह्यातील गावांना नदीचे पाणी पुरविण्यात आले.

मात्र एकदा पुरते वाकलेले हाड शुद्ध पाण्याने सरळ होत नाही. त्याला शस्त्रक्रियाच लागते आणि ती प्रत्येक गरिबाच्या आवाक्यात नसते. म्हणूनच गुडघ्याचा कोन मोजण्याची पाळी येण्यापूर्वी घागरीतील पाण्याचे मोजमाप झाले पाहिजे. पहिल्या मापाने व्यंग किती ते कळते. दुसऱ्याने ते मुळातच टाळता येते.