समुद्रतळाची जखम लवकर भरत नाही

खोल समुद्र हा आपल्या खानदेशचा विषय नाही, असे वाटणे साहजिक आहे. गिरणा तापीला मिळते आणि तापी सुरतजवळ अरबी समुद्राला, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. पण मोबाइलच्या आणि विजेवरच्या गाड्यांच्या बॅटरीत कोबाल्ट, निकेल लागते. हे धातू उद्या समुद्रतळातून काढायचे का, हा प्रश्न आता देशापुढे आहे.

२६ जानेवारी १९८१ रोजी गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने अरबी समुद्राच्या तळातून बटाट्यासारखे काळे गोटे वर काढले. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते. १९८७ मध्ये भारताला त्यांच्या शोधासाठी मध्य हिंद महासागरात क्षेत्र मिळाले. त्यातील ७५ हजार चौरस किलोमीटर आज आपल्याकडे आहे. तीन जणांना सहा हजार मीटर खोल नेणाऱ्या ‘मत्स्य ६०००’ या पाणबुडीचे कामही सुरू आहे.

त्या खोलीवर सूर्यप्रकाश नाही, पाणी बर्फासारखे गार आणि दाब पृष्ठभागाच्या सुमारे सहाशे पट. अशा दाबाखाली प्रथिनांची घडीच बिघडते. खोल पाण्यातल्या माशांच्या शरीरात मात्र टीएमएओ नावाचे द्रव्य प्रथिनांना सावरते. मासा जितका खोल राहणारा, तितके ते जास्त. शिळ्या मासळीला येणारा वास याच द्रव्याच्या विघटनाचा. अन्न म्हणजे वरून हळूहळू खाली येणारे मृत जीवांचे कण. ही निसर्गाची कोरडवाहू शेतीच. तरीही गाळात कृमी आणि समुद्रकाकड्या जगतात. स्पंज तर त्या गोट्यांवरच वाढतात, कारण मऊ चिखलात टेकायला तेवढीच टणक जागा असते.

मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम चिघळते, त्यामागे अनेकदा अपुरा रक्तपुरवठाही असतो. समुद्रतळाचेही तसेच आहे. अन्न तुटपुंजे, म्हणून वाढ मंद आणि भरपाई त्याहून मंद. गोटा तर दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतो. १९८९ मध्ये पेरूजवळच्या पॅसिफिक तळावर शास्त्रज्ञांनी नांगर फिरवून पाहिला. त्याच्या खुणा २६ वर्षांनीही स्पष्ट दिसल्या. १९९७ मध्ये गोव्याच्या याच संस्थेने मध्य हिंद महासागरात तीन किलोमीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद पट्टा मुद्दाम ढवळला. तळातील जीव घटले, आणि पुढे काही वर्षे त्या जागेची पुन्हा तपासणी होत राहिली.

देशाला धातू लागणारच. पण कोणताही सर्जन रुग्णाच्या तपासण्या केल्याशिवाय सुरी हाती घेत नाही. आपल्या क्षेत्रातील जीवांची नीट नोंद आधी व्हावी. त्याचा मोठा भाग कायमचा अस्पर्श ठेवावा. जुन्या बॅटऱ्यांतले धातू परत मिळवण्यावर आधी खर्च व्हावा. आणि १९९७ च्या प्रयोगातून काय हाती आले, ते सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत सरकारने लोकांपुढे ठेवावे. निर्णय आज घेतला, तरी त्याचा परिणाम आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही पाहावा लागेल.